अठ्ठावीस भागिले अंतर

पन्नाशी उलटलेल्या माणसाने चारचौघांत "मी आहे ना" असं म्हणू नये. चुकून म्हटलंच तर लगेच घोटभर पाणी प्यावं आणि विषय बदलावा. मी पाणी न पिता चहा प्यायलो, आणि चहा पिता पिता आणखी दोन वाक्यं बोललो. पुढचं सगळं रामायण त्या दोन वाक्यांमुळे घडलं.

ठाण्याला आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दर नोव्हेंबरला निवृत्त मंडळी आपण हयात असल्याचा दाखला द्यायला येतात. समोर धडधाकट माणूस बसलेला असतो, माझ्या बायकोची चौकशी करत असतो, माझ्याच बशीतलं बिस्किट खात असतो. तरी तो जिवंत आहे हे कागदावर आल्याखेरीज मला मान्य करता येत नाही. त्याला माझा इलाज नाही, नियम आहे. तर असे हयात असलेले गॅब्रिएलकाका माझ्यासमोर बसले होते. गॅब्रिएलकाका ठाण्याच्या खाडीकाठच्या बाळकुमचे. तीस वर्षं त्यांनी आमच्याकडे पंप चालवला. वय शहात्तर, आणि हाताची पकड अशी की शेकहँड केल्यावर मला तासभर सही करता येत नाही.

"साहेब, अठरा जानेवारीला आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात," ते म्हणाले. "आमच्या पोराने, रॉड्नीने संध्याकाळचा हॉल घेतलाय. फोटोवाले, व्हिडिओवाले, वर उडणारा कॅमेरा पण हाय. पण म्हातारी बोलते, मना घरात एक फोटू पायजे. दोघांचा. फ्लॅश मारून."

"मग रॉड्नीला सांगा, फोनवर काढेल."

"फोनवरचा नको बोलते. हॉलमधला पण नको. घरातला, फ्लॅशवाला. एकच."

इथे मी पाणी प्यायला हवं होतं.

"मी आहे ना," मी म्हणालो. वर, "फ्लॅशचं काम येरागबाळ्याचं नसतं, काका. तिथे माणूस मॅन्युअलवर काढणारा लागतो," हेही म्हणालो.

तीनच महिन्यांपूर्वी मी कल्याणहून एक जुना कॅमेरा घेतला होता. त्यावर मी खाडीवरचे बगळे काढले होते, सोसायटीचा गणपती काढला होता, आणि ते फोटो कचेरीत सर्वांना दाखवले होते. लोक ते बघून गप्प बसायचे. ते गप्प बसणं म्हणजे कौतुक, अशी माझी समजूत होती. फ्लॅश माझ्याकडे नव्हताच. आयुष्यात मी फ्लॅशला हातही लावलेला नव्हता.

त्याच शनिवारी मी कल्याणला काळुरामच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा, आत काळुराम आणि साधारण दोनशे मेलेले कॅमेरे. त्याने एका खोक्यातून एक जाडजूड फ्लॅश काढला, त्याचा करंट माझ्या कॅमेऱ्याला मारणार नाही ना हे आधी मीटर लावून पाहिलं आणि मग माझ्या हातात दिला.

"ह्याच्यात ऑटो-बिटो काय नाय," तो म्हणाला. "वाजला की पूर्ण वाजणार. उजेड कमी-जास्त हा करणार नाय, तो तुम्ही लेन्सवर करायचा."

"म्हणजे?"

"ह्याचा गाइड नंबर अठ्ठावीस. माणूस किती लांब उभाय ते मोजा. अठ्ठावीसला त्याने भागा. जो आकडा येईल तो लेन्सवर लावा. आकडा मोठा तर भोक बारीक, आकडा लहान तर भोक मोठं. बस. बाकी कशाला हात लावू नका."

मला आनंदाने गहिवरून आलं. फोटोग्राफीत कला असते, दृष्टी असते, असं इतके दिवस लोक मला घाबरवत होते, आणि इथे तर साधा भागाकार निघाला. भागाकारात मला ठाणे जिल्ह्यात कोणी हरवू शकणार नाही.

ठाकुर्लीला घरी आल्यावर मी सुहासिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, हॉलच्या भिंतीशी स्टुलावर बसवलं. तिच्याच शिवणकामाची टेप घेऊन अंतर मोजलं. बरोबर दहा. अठ्ठावीस भागिले दहा, दोन पूर्णांक आठ दशांश. लेन्सवर तो आकडा तयारच होता, जणू कंपनीने माझ्यासाठीच छापला होता. बटण दाबलं. खोलीत वीज पडल्यासारखा लख्ख उजेड झाला. मग आम्ही दोघांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं.

पडदा पांढरा होता.

"मी ह्यात कुठे आहे?" सुहासिनीने विचारलं.

मी डोळे बारीक करून पाहिलं. "ह्या तुझ्या भुवया."

"अहो, ती खिडकीची कडी आहे."

मी पुन्हा मोजलं. दहाच. पुन्हा भागलं. दोन पूर्णांक आठच. पुन्हा फोटो काढला. ह्या खेपेला सुहासिनीचं कुंकू आलं. नुसतं कुंकू, हवेत तरंगणारं. ते बघून ती देवापुढे दिवा लावायला उठून गेली आणि त्या दिवशी परत स्टुलावर बसली नाही.

आमच्या मजल्यावर कोणाकडे कुकरची शिट्टी जास्त झाली तरी चारजण सल्ला द्यायला येतात. तेव्हा माझ्या घरातून उजेड निघतो म्हटल्यावर समोरचा सुदेश आलाच. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि त्याला सगळंच येतं.

"काका, कशाला डोकं लावताय? ऑटोमॅटिक फ्लॅश मिळतो की. नायतर काढा कसापण, मी नंतर सॉफ्टवेअरमध्ये मारतो ना."

"मी मॅन्युअलवर काढतो," मी करारीपणे म्हणालो.

"मग निदान फ्लॅशवर डबा लावा. श्रीखंडाचा पांढरा डबा. लाइट सॉफ्ट होतो, सगळे प्रो लोक लावतात."

आमच्या घरात श्रीखंडाचा डबा नव्हता. अर्धा किलोचा आणला. तो फ्लॅशवर बसेना. एक किलोचा आणला. तो बसला, पण कॅमेरा पुढे कलंडायला लागला. शेवटी पाव किलोचा बसला. पावणेदोन किलो श्रीखंड आम्ही दोघांनी चार दिवसांत संपवलं. सुहासिनीला साखर जपून खायला सांगितलेली असल्यामुळे, आम्ही दोघांनी म्हणजे मी.

डब्यामुळे पडदा पांढराफेक न येता नुसता पांढरा येऊ लागला. ही प्रगती होती. मी रोज कचेरीतून आलो की तास-दीड तास सराव करू लागलो. सुहासिनी बसेना म्हणून स्टुलावर पिंप ठेवलं, पिंपाला तिची जुनी साडी नेसवली. अर्ध्या अर्ध्या मिनिटाने खोलीत वीज चमकायची, मी पडद्यावर बघायचो, वहीत नोंद करायचो, पुन्हा वीज चमकायची.

ह्या देखाव्याचा समोरच्या इमारतीवर काय परिणाम होत असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही. तिथल्या कोणीतरी वीज कंपनीच्या कचेरीत फोन केला की बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर आठवडाभर संध्याकाळी ठिणग्या उडतायत आणि घरमालक पिंपासमोर उभा राहून त्या बघतोय. दोन माणसं आली. त्यांनी प्रथम अख्ख्या बी विंगची वीज बंद केली आणि मग चौकशीला वर आली.

मी त्यांना फ्लॅश दाखवला. साडी नेसलेलं पिंपही दाखवलं. त्यांचं समाधान झालेलं दिसलं, पण वीज सोडायला त्यांना सोसायटीच्या सेक्रेटरीचं लेखी पत्र हवं होतं. मी म्हटलं, अहो, तुम्ही डोळ्यांनी बघताय ना. त्यावर त्यातला थोरला म्हणाला, "बघतोय ओ. पण कागद लागतो. नियम आहे." हे वाक्य टेबलाच्या पलीकडून ऐकायला किती वाईट लागतं, ते मला त्या दिवशी कळलं.

आमच्या सेक्रेटरी शीलाताई. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं, आणि निवृत्तीनंतर सोसायटीलाच वर्ग मानलं. अंधाऱ्या जिन्यात बी विंगची बत्तीस माणसं माझ्याकडे बघत उभी होती आणि शीलाताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पत्र देते. पण अर्जाशिवाय देणार नाही. तुम्ही घरात नेमकं काय करत होतात, ते सविस्तर लिहा. कोष्टक असेल तर जोडा."

मोबाइलच्या उजेडात मी अर्ज लिहिला, वहीतलं कोष्टक फाडून जोडलं. पत्र मिळालं, वीज आली. 'फोटो काढतोय म्हणे' असं कुत्सितपणे पुटपुटत लोक घरोघरी गेले. त्या रात्री मला श्रीखंडाचे करपट ढेकर आले, की अपमानाचे, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या कडीत माझा अर्ज परत अडकवलेला होता. त्यावर लाल शाईने तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं होतं आणि कोष्टकाच्या प्रत्येक ओळीपुढे लिहिलं होतं: एकक?

मी अर्ज घेऊन खाली गेलो.

"सबनीस, हे अठ्ठावीस काय आहे?" शीलाताईंनी विचारलं.

"गाइड नंबर."

"अठ्ठावीस काय? फूट, मीटर, की आंबे?"

मी अर्ज उलटा करून पाहिला.

"आणि हे दहा?"

"फूट. हॉल दहा बाय बाराचा आहे ना."

त्यांनी चष्मा काढला. वर्गातला पोरगा गणितात नापास झाला तर बाईंच्या चेहऱ्यावर जे दुःख येतं, ते मी चाळीस वर्षांनी पुन्हा पाहिलं. "फ्लॅश परदेशात बनला. तिथे मीटरने मोजतात. तुम्ही मीटरला फुटाने भागलंत. दहा फूट म्हणजे तीन मीटर. आता भागा."

"नऊ पूर्णांक तीन," मी पडलेल्या आवाजात म्हणालो.

आपल्याकडे माणूस घर फुटात घेतो, पडदे फुटात शिवतो, सोफा फुटात अडकवतो. ठाकुर्लीत कोणी 'आमचा हॉल तीन मीटर' म्हणाला तर लोक त्याला प्यायला पाणीही देणार नाहीत. अशा प्रदेशात वाढलेल्या माणसाकडून अशी चूक झाली तर तो दोष त्याचा नाही, बिल्डर लोकांचा आहे, असं माझं अजूनही मत आहे.

वर जाऊन मी नऊवर फोटो काढला. पिंप आलं. साडीची जर आली, जरीतला सुटलेला धागा आला. मी सुहासिनीला ओढून आणून स्टुलावर बसवलं आणि तीही आली, कुंकवाच्या खाली अख्खी. तिने पडदा निरखून पाहिला आणि म्हणाली, "बरी आलेय की मी." लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर एवढं ऐकायला मिळालं की माणसाने आणखी काही मागू नये.

डिसेंबरात एका रविवारी मी रंगीत तालमीसाठी बाळकुमला गेलो. हातात मीटरची नवी टेप, खिशात मीटरचं कोष्टक, फ्लॅशवर श्रीखंडाचा डबा. चारी बाजूंनी टॉवर उठलेत, मध्ये गॅब्रिएलकाकांच्या आळीतली दहा-बारा घरं अजून बैठी आहेत. काकांच्या पत्नी व्हिक्टोरियाकाकींनी भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण केलं होतं, त्यामुळे मुख्य काम तासभर लांबलं. मग मी दोघांना भिंतीशी उभं केलं. मोजलं, साडेतीन मीटर. भागलं, आठ. तोंडावर एक सराईत हसू आणून मी बटण दाबलं.

पडदा काळा होता.

अगदीच काळा नव्हता. अंधारात दोन आकार होते, आणि त्यातल्या एकाला दात होते.

"तो डबा कशाला लावलाय?" काकींनी विचारलं.

मी डबा काढला. पुन्हा काढला फोटो. दातांच्या वर नाक दिसू लागलं, इतकंच.

काकी माझ्याशेजारी येऊन पडद्यावर वाकून बघत होत्या.  मग म्हणाल्या, "काळाच आला ना. तेव्हापन काळाच आलेला."

"कधी?"

त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे नक्षीदार लाकडी फ्रेममध्ये पवित्र हृदयाच्या येशूची तसबीर होती. फ्रेम मोठी, तसबीर लहान. कडेने पांढरा पुठ्ठा दिसत होता.

"ती फ्रेम माझ्या बापाने आणलेली. लग्नाच्या आधीच. बोलला, पोरीचा लग्नाचा फोटू लावणार. ठाण्याहून फोटोवाला आलेला सायकलवर. एका फोटूला एक बल्ब उडायचा, आणि त्याच्याकडे एकच उरलेला. सगल्यांना बाजूला केला, आमा दोघांना ह्याच भिंतीशी उभा केला, आणि मारला. मना हसू आला तर आईने मना चिमटा काढला. पंधरा दिवसांनी फोटोवाला येऊन सांगतो, काळा आला, काय दिसत नाय. बाप तर त्याला मारायलाच धावला."

"हसू कशाचं आलं?"

"ते हाय आमचा," काकी म्हणाल्या. "मग फ्रेम रिकामी कशी ठेवायची? येशूला लावला. त्याला सांगितला, फोटू येईपर्यंत ऱ्हा. पन्नास वर्षं ऱ्हायला बिचारा. बोलला नाय काय."

त्या हे हसत सांगत होत्या. मला हसता येईना. पन्नास वर्षांत ह्या बाईने दोन माणसांवर विश्वास टाकला, आणि तिला काळा फोटो देणारा दुसरा माणूस मी होणार होतो. पहिला निदान सायकलवरून पळाला तरी. मी तर दर नोव्हेंबरला तिच्या नवऱ्याला भेटणार. कधी नव्हे ते मला माझ्या तोंडाची खरोखर लाज वाटली.

मी अंगणात येऊन शीलाताईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, छत कसलं? म्हटलं, कौलं, मध्ये मोकळं, उंच. भिंती? गडद निळ्या, चुलीच्या बाजूला काळ्या. त्या म्हणाल्या, "मग असं होणारच. तुमच्या खुराड्यात चार पांढऱ्या भिंती आणि डोक्यावर पांढरं छत. गेलेला उजेड परत येतो. तिथे गेला तो गेला. तुमचा अठ्ठावीस तिथे अठ्ठावीस नाही."

"मग किती आहे?"

"ते मी ठाकुर्लीत बसून कसं सांगू? प्रयोग करा."

मी आत आलो आणि मनाचा हिय्या करून म्हणालो, "काका, माझं ऐका. रॉड्नीच्या फोटोवाल्यालाच सकाळी बोलवू. मला हे जमेलसं वाटत नाही."

गॅब्रिएलकाका जाळं विणायची दोरी घेऊन बसले होते. पंपावर होते तेव्हाही सुट्टीच्या दिवशी ते खाडीत मासेमारीला जायचे. "काय अडलाय ते तर सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं. अंतर मोजायचं, भागायचं, पण भागून येणारा आकडा ह्या घरात खोटा ठरतो.

"मग भागता कशाला?" काका म्हणाले. "खाडीत पाणी किती हाय ते आमी पुस्तकात बघतो काय? दोरी सोडायची. गाठ भिजली की कळला."

त्यांनी दोरी घेतली आणि दर दोन हातांवर एक गाठ मारत गेले, अशा सहा गाठी. एक टोक माझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधलं. दुसरं टोक काकींच्या हातात दिलं. काकी चौथ्या गाठीशी दोरी ताणून उभ्या राहिल्या. मी लेन्सचा आकडा आठवरून खाली आणत गेलो. साडेसहाला नाक स्पष्ट झालं. साडेपाचला डोळे आले. चारला काकी आल्या, कपाळावरच्या आठीसकट. गॅब्रिएलकाकांनी चौथ्या गाठीत लाल चिंधी बांधली. मग तिसरी गाठ, मग पाचवी. दुपारभर हेच चाललं. प्रत्येक गाठीला एक चिंधी आणि चिंधीवर शाईने एक आकडा. दोरीला फूटही कळत नव्हते, मीटरही कळत नव्हते, पण ह्या घरात ती बिनचूक होती. परत निघताना मी कोष्टकाचा कागद चुलीपाशी ठेवून आलो, पेटवायला उपयोगी पडेल म्हणून.

अठरा जानेवारीला सकाळी चर्चमध्ये मिसाची प्रार्थना झाली आणि अकराच्या सुमारास सगळे घरी आले. सुहासिनीही माझ्याबरोबर होती. काकींनी लाल चौकड्यांचं लुगडं नेसलं होतं, केसांत सोन्याची फुलं होती. काकांचा सूट कडक इस्त्रीचा. रॉड्नी, त्याची बायको, मुलं, आळीतली माणसं, अशी चाळीसेक डोकी दारात आणि खिडक्यांत. मी गळ्यात कॅमेरा, खांद्यावर गाठींची दोरी अशा थाटात आत शिरलो. लोकांनी वाट दिली. आयुष्यात मला फार कमी वेळा कोणी वाट दिलीय.

दोघांना भिंतीशी उभं केलं. दोरी ताणली, चौथी गाठ, चार. फ्लॅशचं बटण पुढे केलं.

फ्लॅश भरल्याचा छोटा दिवा लागेना; जुने सेल संपले होते.

नवे चार सेल मी आठवणीने आणले होते. आठवणीने म्हणजे, ते निघताना टेबलावर आठवणीने काढून ठेवले होते. सुहासिनीने माझ्याकडे पाहिलं.  आळीतलं एकुलतं एक दुकान रविवारचं बंद. मग शोध सुरू झाला. भिंतीवरच्या घड्याळातला एक सेल, टीव्हीच्या रिमोटमधले दोन, आणि रॉड्नीच्या लहान मुलीच्या नाचणाऱ्या अस्वलातला एक. त्यासाठी आधी तिचं रडणं थांबवावं लागलं. हे चार भिन्न वयाचे सेल घातल्यावर फ्लॅशने क्षीण शिट्टी सुरू केली. शिट्टी वाढत वाढत जाते आणि दिवा लागला की तो भरला, असा त्याचा हिशेब. एरवी दहा सेकंद लागत. आता पूर्ण दीड मिनिट लागलं. चाळीस माणसं श्वास रोखून ती शिट्टी ऐकत होती.

दिवा लागला. रॉड्नी माझ्या कानाशी म्हणाला, "अंकल, एकच चान्स मिळेल असं वाटतंय."

मला सायकलवाला आठवला.  मनातल्या मनात मी येशूलाही विनंती केली, की जागा सोडायची वेळ आलीय, जरा मदत करा. आणि बटण दाबलं.

लख्ख उजेड पडला. त्याच्या क्षणभर आधीच काकींच्या तोंडून हसू फुटलं होतं.

मी पडद्यावर पाहिलं. लुगड्याची चौकडी न् चौकडी आली होती. केसांतली फुलं आली होती, मागच्या भिंतीचा निळा रंग आला होता. काळं नव्हतं, पांढरं नव्हतं. उजेड असा पडला होता की शीलाताईंनीही पैकीच्या पैकी दिले असते. फक्त गॅब्रिएलकाकांचे डोळे मिटलेले होते. नुसते मिटलेले नाहीत. समोरून बैल अंगावर आल्यासारखे गच्च आवळून मिटलेले, आणि काकी मान त्यांच्याकडे वळवून तोंडभर हसत होत्या.

"काका, डोळे मिटलेत तुम्ही," मी रडवेला होऊन म्हणालो. "थांबा, आणखी एक काढतो. हलू नका."

पुन्हा दीड मिनिटाची शिट्टी. ह्या वेळी मी तीन आकडे मोजले, काकांनी डोळे वटारले, काकींनी ओठ मिटले. दुसरा फोटो आला. निर्दोष. दोघांचे डोळे उघडे, माना सरळ. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम फोटो. मी कॅमेरा काकींसमोर धरला आणि हळूच म्हणालो, "हा बघा."

त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. "आधीचा दाखवा."

मी मागे गेलो. काकींनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि उजेडाच्या दिशेने दारात गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. डोळे भरून आले होते, पण हसू तसंच होतं.

"हाच तो," त्या म्हणाल्या.

"हाच कोणता?"

"तेव्हाचा. बल्ब उडायच्या आधीच ह्याने असेच डोले मिटले. नवरा मानूस, सूट घालून उभा, आणि उजेडाला घाबरतो. मना हसू आला, आईने चिमटा काढला. कोनाला सांगितला नाय मी. फोटू आलाच नाय, तर सांगून काय करू? हा तसाच आलाय. इकडे ये रे, तुज्या बापाने काय केला ते बघ," असं म्हणून त्यांनी रॉड्नीला कॅमेरा दिला, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदाच गॅब्रिएलकाका लाजलेले त्या आळीने पाहिले.

त्याच आठवड्यात मी फोटो मोठा छापून घेतला आणि स्वतः बाळकुमला नेऊन दिला. तो फ्रेममध्ये अगदी बरोबर बसला, पुठ्ठा लावावा लागला नाही. काकींनी येशूला नवी फ्रेम आणून शेजारीच जागा दिली. माझा दुसरा, निर्दोष फोटो कपाटातल्या साड्यांखाली आहे असं ऐकतो.

आम्ही चहा पीत बसलो असताना शेजारच्या रोवेनाबाई आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं, आणि काळजीने विचारलं, "ह्यात गॅब्रिएलचे डोळे कसे मिटले? कोणी काढलाय हा?"

मी छाती पुढे काढून तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "आमच्या हापिसातले साहेब हायत. नवीनच शिकतात. पन मन लावून करतात."

मी समोरचा पेला उचलला आणि घोटभर पाणी प्यायलो.